दरोगाचा नाताळ

दरोगा वर्षभर कांतावर भुंकायचा, नाताळाचा एक दिवस सोडून.

दरोगा म्हणजे गोकुळाबाईंचा कुत्रा. काळाकुळकुळीत, एका कानाचा शेंडा तुटलेला, आणि आवाज असा की धान मोजायला आलेला माणूसही फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. कांता म्हणजे गावच्या उपकेंद्राची नर्स. वडश्याहून सायकलनं तासाभराच्या अंतरावरचं हे गाव, आणि गोकुळाबाईंच्या परसाला लागून तिची दोन खोल्यांची क्वार्टर. रोज सकाळी पांढरं लुगडं नेसून, लशींचा डबा खांद्याला अडकवून ती निघाली की दरोगा कुंपणावर पुढचे पाय टेकवून तिचा उद्धार करायचा, तो ती वळणाआड जाईपर्यंत. त्याच्या मालकिणीच्या दोन नातवंडांना तिनं आपल्या हातांनी जगात आणलं होतं, पण दरोगाला त्याचं काही नव्हतं.

नाताळाच्या दिवशी मात्र नवल घडायचं. दुपारी ती विणलेल्या रुमालानं झाकलेलं ताट घेऊन फाटकाशी यायची, "गोकुळाबाई" म्हणून हाक द्यायची, आणि हा भुंकणारा, अंगावर धावणारा कुत्रा मालकिणीच्या पायाशी उभा राहून शेपटी हलवायचा. नुसती शेपटी नाही, अख्खा मागचा भाग हलवायचा. तोंडातून आवाज नाही. गोकुळाबाई दोन्ही हातांनी ताट घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, "किती करता जी, नर्सबाई" म्हणायच्या आणि आत जायच्या. दरोगा त्यांच्या मागोमाग आत.

"मुक्या जिवाले पण सण समजते," कांता घरी येऊन नवऱ्याला सांगायची. नुसतं घरी सांगून थांबली असती तर बरं झालं असतं. एका वर्षी तिनं वडश्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देताना उभं राहून हे सगळ्यांना सांगितलं. पाळकसाहेबांना ते इतकं आवडलं की पुढल्या नाताळाच्या उपदेशात त्यांनी घेतलं. येशूच्या गव्हाणीपाशी बैल होता, गाढव होतं, आणि आपल्या कांताबाईंच्या गावात एक कुत्रा आहे, असं म्हणाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कांता पहिल्या रांगेत बसली होती आणि तिचा ऊर भरून आला होता.

गोकुळाबाईंवर तिचा जीव होता. नवीन बदली होऊन आली तेव्हा गावात जो तो एकच विचारायचा, "तुमी किरिस्तावं, ते ठीक हाय. पण मूळचे कोण?" कांताच्या आज्याला संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात मिशनवाल्यांनी रस्त्यावरून उचलून आणलं होतं. आई-बाप कोण, गाव कोणतं, पोराला काही सांगता आलं नव्हतं. म्हणून कांता उत्तर द्यायची, "मूळचे उपाशी." विचारणारा आपल्या वाटेला लागायचा. गोकुळाबाईंनी हा प्रश्न कधीच विचारला नाही, आणि त्याच एका गोष्टीसाठी कांतानं त्यांना बहीण मानलं. त्यांना विचारायची गरजच नव्हती, त्यांचं आधीच ठरलेलं होतं, हे कळायला तिला फार वर्षं लागली.

दिवाळीला गोकुळाबाईंकडून फराळाचं मोठं ताट यायचं. त्यांचे अनारसे पंचक्रोशीत नावाजलेले. कांता ते पुरवून पुरवून खायची, शेवटचा अनारसा लपवून ठेवायची, खसखस बोटानं टिपून घ्यायची. ताट राखेनं घासून, त्यात तांदळाची ओंजळ घालून परत करायची, कारण भरलेलं आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, ही तिकडची रीत. नाताळानंतर तिचंही ताट तसंच यायचं. लखलखीत घासलेलं, वर मूठभर साखर. आईनं लग्नात दिलेलं ताट होतं ते, काठावर ठिपक्याठिपक्यांनी दोघांची नावं कोरलेली. गोकुळाबाईंकडून आलं की ती नावं नवी कोरल्यासारखी चमकायची.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चारेक वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. त्या वर्षी गोकुळाबाईंची गिरजा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. कांता एक दिवसाआड जाऊन तिला तपासायची. गिरजाला सारखं काहीतरी खावंसं वाटायचं. "बाई, तुमच्याकडचा नाताळ कवा हाय?" तिनं दोनदा विचारलं होतं. "करंज्या करता न तुमी?"

म्हणून त्या वर्षी कांतानं हात राखला नाही. जंगलातून आलेली चारोळी निवडून करंज्यांच्या सारणात घातली. केकला मनुका पुरेनात, तर मोहफुलं धुऊन, चिरून, गुळाच्या पाकात मुरवून घातली. ओव्हन कुठला असायला. पातेल्यात रेती, रेतीत केकचा डबा, झाकणावर निखारे. दोनदा तोंड भाजलं, एकदा पदर. नवरा इसरू, खरं नाव इस्राएल, वडश्याच्या रेल्वे टेसनात रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. तो बांबूच्या काड्यांची चांदणी बांधून दारावर टांगत होता आणि वासानं सारखा आत डोकावत होता.

"एक तरी चाखू दे."

"पहिलं ताट गोकुळाबाईचं. मंग तुमचं."

वडश्याची उपासना आटोपून दुपारी दोघं परतले. कांतानं ताट लावलं. करंज्या, शंकरपाळे, केकचे जाड तुकडे, मधोमध गिरजासाठी वेगळी बांधलेली खोबऱ्याची वडी. वर नवा विणलेला रुमाल, कोपऱ्यात चांदणी. गेल्या सालचा असाच रुमाल परत आला नव्हता. "वानरानं उचलून नेला, बाई, मले लय वाईट वाटलं," असं गोकुळाबाई म्हणाल्या होत्या. वानरं त्या गावात काहीही नेतात, तेव्हा कांताला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

फाटकाशी गेली तर तिथं धानाच्या बैलबंड्या उभ्या. बैल आडवे, पोती उतरवणारी माणसं, पाय ठेवायला जागा नाही. कांता वळली आणि परसातून गेली. इतक्या वर्षांत ती त्या घराच्या परसदारानं कधी गेली नव्हती. बाळंतपणाच्या वेळी गेली तीही बाळंतिणीच्या खोलीत, आणि त्या खोलीला बाहेरून वेगळं दार होतं.

परसात कोणी नव्हतं. गोठ्याच्या सावलीत दरोगा पोत्यावर पडला होता. त्यानं डोकं उचललं. कांतानं आपोआप ताट छातीशी धरलं, पण तो भुंकला नाही. उठला, आळस दिला, शेपटी हलवली, आणि तिच्याकडे न येता उलटा चालायला लागला. गोठ्याच्या कडेला एक सपाट धोंडा होता. दरोगा त्या धोंड्यापाशी जाऊन नीट बसला, धोंड्यावर जागा ठेवून, आणि ताटाकडे बघत राहिला.

आता हे समजायला त्या कुत्र्याची ख्याती माहीत पाहिजे. गोकुळाबाई त्याची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पंगत उठून जाईल, उष्ट्या पत्रावळी पडून राहतील, पण माझा दरोगा कशाला तोंड लावणार नाही. पापड वाळत घातलेले असले तर ओलांडून जाईल. त्याच्या धोंड्यावर वाढल्याशिवाय तो घास घेत नाही, आणि जे त्याचं नाही त्यासाठी धोंड्यावर जाऊन बसत नाही. घरातली माणसं जेवताना तो तिकडे बघतसुद्धा नाही. त्याला बरोबर कळतं, कोणतं ताट माणसाचं आणि कोणतं त्याचं.

कांता जिथल्या तिथं उभी राहिली. मग तिनं रुमाल बाजूला करून एक शंकरपाळा काढला आणि जमिनीवर टाकला. दरोगानं त्याच्याकडे पाहिलं, पण हलला नाही. तिनं तो उचलून धोंड्यावर ठेवला. कुत्र्यानं तो जिभेनं उचलला, चावला, आणि पुन्हा ताटाकडे बघू लागला. घाई नव्हती त्याला. ओळखीचं जेवण होतं.

तो उठून गेलेल्या पोत्यावर काहीतरी पांढरट पडलं होतं. मळून काळं झालेलं, एका बाजूनं चघळलेलं. कोपऱ्यातली चांदणी तेवढी शाबूत होती. वानरानं नेलेला रुमाल दरोगा अंथरून झोपत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं काही लगेच झालं नाही. आधी फक्त लाज वाटली. वडश्याच्या मंडळीत उभं राहून आपण काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. पाळकसाहेबांचा उपदेश आठवला, बायकांचे पदर आठवले. मुक्या जिवाला सण कळतो. कळत होता ना. वर्षातून एकदा ही पांढऱ्या लुगड्याची बाई माझं जेवण घेऊन येते, एवढं त्याला पक्कं कळत होतं. मग ताटाच्या काठावरची नावं तिला दिसली, आणि त्या नावांवरून फिरणारी जीभ दिसली, आणि आग लागली ती तिथून.

ती आल्या पावली परत गेली. इसरू चहा ठेवत होता. तिच्या हातात भरलेलं ताट पाहून त्यानं चिमटा खाली ठेवला आणि काहीच विचारलं नाही. तेच कांताला खटकलं. भरलेलं ताट परत आलेलं पाहून कोणताही माणूस आधी विचारेल, काय झालं.

"तुमाले ठाऊक होतं," ती म्हणाली.

इसरूनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तिसऱ्या साली समजलं. बांबू आनाले त्यायच्या परसातून गेलतो. धोंड्यावर केक होता."

"आन् मले सांगतलं नाई."

"तुले कायले सांगू? तू किती खुश रायची त्या दिवशी."

"मी मंडळीत उठून बोलली तवा तुमी माया बाजूले बसून होते. मान खाली घालून. मले वाटलं प्रार्थना करून राह्यले."

"कांता, अशे लोक राह्यतेच. क्षमा करा म्हणून लिहिलं हाय."

"लिहिलं हाय. एका गालावर मारलं त दुसरा करा, हेबी लिहिलं हाय. माणसाले गाल दोनच असते. ते इतकी सालं मारून राह्यली, अजून कोणता गाल करू?" तिचा आवाज चढला नव्हता, पण इसरू मागे सरकला. "मले क्षमा नाई पायजे कोणाची आन् करायचीबी नाई. मले एकच पायजे. त्या बाईनं यातली एक करंजी खावी. माया डोळ्यासमोर, तोंडात घालून, चावून, गिळावी. एक करंजी. मंग मी घरी येते आन् तुमी म्हणान ते करते."

"आन् नाई खाल्ली त?"

"त मंग माया मनात काई राह्यणार नाई. तिच्याबद्दल काईच राह्यणार नाई."

इसरूला हे उत्तर कळलं की नाही कोण जाणे. त्यानं चहा तसाच उकळू दिला.

तोवर बंड्या गेल्या होत्या. अंगणात पोत्यांची थप्पी लागली होती, आणि तीन-चार बायका सांडलेलं धान सुपांनी पाखडत होत्या. त्यांत बायनाबाई होती, जिला गावातली प्रत्येक गोष्ट गावाच्या आधी कळायची. गिरजा बाजेवर पाय पसरून बसली होती. गोकुळाबाई उंबऱ्यात. आणि दरोगा परसातून पुढं आला होता आणि अर्थातच गप्प होता.

"या बाई, या," गोकुळाबाई उठल्या, नेहमीसारखे दोन्ही हात पुढे करून. "म्हणलं आज नर्सबाई काऊन नाई आल्या अजून."

कांतानं ताट दिलं नाही. रुमाल काढून घडी करून कमरेला खोचला. "आज माया समोर खा," ती म्हणाली. "एकच करंजी."

गोकुळाबाई हसल्या. "खाईन न जी. ठेवा. आज उपास हाय माया."

"उपास मीच बंद केले तुमचे. चक्कर येऊन पडल्या होत्या विहिरीपाशी, तवापासून."

"दात दुखून राह्यला, बाई."

"सकाळी सुपारी फोडून राह्यल्या होत्या. माया खिडकीतून आवाज येते."

"मंग खाईन. आत्ताच जेवन झालं."

"मी बसते." आणि कांता पायरीवर बसली, मांडीवर ताट घेऊन. "जेवन जिरू द्या."

सुपांचा आवाज थांबला. बायनाबाईनं मान वर न करता कान इकडे केले. गोकुळाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते आता कोणी धरून ठेवल्यासारखं दिसत होतं. त्यांनी दरोगाकडे पाहिलं, मग कांताकडे, आणि त्यांना कळलं. बाई हुशार होती. बोटानं दाखवायची वेळ आली नाही.

"हे पाहा बाई," त्या हळू बोलल्या, "तुमाले दुखवाचं नव्हतं म्हणून त घेत होती. नाई म्हणलं असतं त तुमाले वाईट वाटलं असतं. आन् मी कधी उकिरड्यावर नाई टाकलं. मुक्या जिवाच्या पोटात गेलं. त्यात पुण्यच हाय."

पुण्य. कांतानं तो शब्द ऐकला आणि तिला वाटलं, हिनं एकदा सरळ तोंडावर थुंकून "तुमचं खात नाही आम्ही" म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. निदान चारोळी तरी वाचली असती. ही बाई दरवर्षी तिचा अपमान करायची आणि वर आपल्या कुत्र्याला घातलेल्या तिच्याच घासाचं पुण्य गोळा करायची. दुहेरी नफा.

"गोकुळाबाई, तुमचा मोठा नातू झाला तवा रडला नाई. निळा पडला होता. आठवते?"

"कशी नाई आठवणार."

"त्याच्या तोंडातला चिकटा मी या बोटानं काढला." कांतानं उजव्या हाताचं बोट वर केलं. "मायच्या दुधाच्या आधी, तुमच्या मधाच्या आधी, त्या लेकराच्या तोंडात मायं बोट गेलं. तवा तो नाई बाटला?"

"ते औषधपान्याचं वेगळं, बाई. ते काम हाय. खान्याचं वेगळं. आमच्या सासूपासून चालत आली रीत, मी काय करू?"

"सासू मरून किती सालं झाली?"

बायनाबाईच्या सुपातले दोन दाणे खाली पडले, तिनं ते उचलले नाहीत.

बाजेवरून गिरजा उठली. तिला उठायला वेळ लागायचा, एक हात कमरेवर, एक बाजेच्या पायावर. ती पायरीपर्यंत आली, वाकता येत नव्हतं म्हणून तशीच हात लांबवून तिनं ताटातली करंजी उचलली. काही ठरवून केलं असेल असं वाटत नाही. भूक लागली होती पोरीला, आणि तिनं दोन आठवडे वाट पाहिली होती.

करंजी ओठांपर्यंत गेली असेल नसेल, गोकुळाबाईंचा हात तिच्या मनगटावर बसला. जोरात. करंजी उडून अंगणात पडली, फुटली, सारण सांडलं. चारोळीचे दाणे शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरले.

गिरजा मनगट धरून आईकडे बघत राहिली. "माय," एवढंच म्हणाली.

करंजी दरोगाच्या नाकापासून हातभरावर पडली होती. त्यानं ती हुंगली. मान फिरवली आणि परसाच्या दिशेनं पाहिलं. धोंड्यावर नव्हती ना ती. त्या घरात तेवढ्याला शिस्त होती.

कांता उठली. तुटलेली करंजी, सारण, जेवढं हाताला आलं तेवढं उचलून तिनं ताटात घेतलं. मग चपला पायरीखाली काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि उंबरा ओलांडून घरात शिरली.

"नर्सबाई," गोकुळाबाई मागून म्हणाल्या. "अवो बाई, इकून नाई, तिकून फिरून जा."

कांता फिरून गेली नाही. सरळ गेली. ओसरीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात. देवाचा कोनाडा डाव्या हाताला, मडक्यांची उतरंड उजव्या हाताला, चूल समोर, चुलीवर भात. कशालाही तिनं हात लावला नाही, कुठं थांबली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला दिसलं की आपण ज्या काचेच्या ग्लासात चहा पितो तो स्वयंपाकघरात नाहीच. तो परसदाराच्या बाहेर, खुंटीवर, पालथा टांगलेला होता. दरोगाच्या पाण्याच्या भांड्याच्या वर.

दरोगा तिच्या पुढं धावला आणि धोंड्यापाशी जाऊन बसला.

कांता त्याच्यासमोर उकिडवी बसली. सगळी परसात जमली तोवर. गोकुळाबाई, पदर तोंडाला लावलेली गिरजा, सूप हातात तसंच घेऊन आलेली बायनाबाई. कांतानं ताट एकदम ओतलं नाही. एकेक करंजी ठेवली. पाहुण्याला आग्रह करतात तशी, एक संपली की दुसरी. "घ्या दरोगाजी," ती म्हणाली, "लाजू नका. या घरात मायं खानारे तुमी एकलेच. मले आधी ठाऊक असतं त पहिल्यापासून तुमालेच आवतन देल्लं असतं, बाईंच्या हातून कायले पाठवलं असतं?" दरोगा खात होता. केकमधली मोहफुलं त्यानं आधी जिभेनं वेगळी काढली आणि मग तीही खाल्ली. कोणी हललं नाही. पाहुणा जेवत असताना उठू नये, तशी सगळी उभी होती.

खोबऱ्याची वडी तिनं धोंड्यावर ठेवली नाही. ती उठून गिरजाजवळ गेली, तिच्या हातात वडी दिली आणि मुठीची बोटं मिटवली. "हे तुयी हाय. खा, नाईतर फेकून दे. पण कुत्र्याले नको घालू. त्याचं पोट भरलं."

गिरजानं मूठ उघडली नाही, पण टाकलीही नाही.

शेवटी दरोगानं ताट चाटलं. कांतानं चाटू दिलं. काठावरून, नावांवरून, मधून. मग ताट उचललं.

"द्या, घासून देते," गोकुळाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"नको. कुत्रा चाटून गेला, एवढंच. त्यानं काई बाटत नाई."

गोकुळाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. राग होता, लाज होती की पुढची काळजी, सांगता येणार नाही. बहुतेक काळजीच जास्त. "नर्सबाई," त्या म्हणाल्या, "गिरजाचे दिवस भरले. येसान न तुमी?"

हे त्यांनी विचारलं याचा कांताला सगळ्यात जास्त संताप आला. "येईन," ती म्हणाली. "अर्ध्या रात्री बोलवा, येईन. लेकरानं मायं काई नाई केलं. येताना हात धुतेच मी, आता जातानाबी धुऊन जाईन."

दरोगा पोत्याकडे गेला आणि जुना रुमाल पायांनी खालीवर करून त्यावर आडवा झाला. गोकुळाबाई लगबगीनं तो ओढायला वाकल्या. "राहू द्या त्याले," कांता म्हणाली. "थंडी हाय."

ती कुंपणाकडे निघाली, तेव्हा मागून घाईची पावलं आली. गोकुळाबाई स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या. हाताला सवय असते, मन कुठंही असो. त्यांनी कांताच्या हातातल्या चाटलेल्या ताटात मूठभर साखर घातली.

"रिकामं ताट नेऊ नये, बाई," त्या म्हणाल्या.

कांता ताटातल्या साखरेकडे बघत राहिली. तिला अनारसे आठवले. लपवून ठेवलेला शेवटचा अनारसा आठवला, बोटानं टिपलेली खसखस आठवली, आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

"दर दिवाळीले तुमचं फराळ यायचं," ती म्हणाली. "मीच खाल्लं, गोकुळाबाई. सगळं. मायाकडं कुत्रा नाई. हे साखर आता मी कोणाले घालू?"

तिनं त्यांचा हात धरला, उघडला, ताट तिरपं करून साखर त्यांच्याच ओंजळीत परत ओतली. थोडी सांडली. गोकुळाबाई ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या, कारण ती साखर आता डब्यात टाकता येत नव्हती आणि सगळ्यांच्या देखत फेकताही येत नव्हती. कुत्र्याच्या ताटातून आलेली होती ती, किंवा कांताच्या. बायनाबाई बघत होती, त्या कोणतं म्हणतात ते.

चपला पुढच्या पायरीखाली तशाच सोडून कांता कुंपण ओलांडून आपल्या दाराशी पोचली. दारावर इसरूची चांदणी वाऱ्यानं फिरत होती. तेवढ्यात मागून दरोगा तिच्यावर भुंकायला लागला, रोजच्यासारखा, पुढचे पाय कुंपणावर टेकवून. ताट रिकामं झालं होतं.